नाशिक-न्यू जर्सी फोल्डर उघडता उघडेना

प्रश्न: आमच्या गंगापूर रोडच्या घरी एक एनएएस (नेटवर्कला जोडलेली फाइलींची साठवण पेटी) आहे, मुलाकडे न्यू जर्सीत दुसरा. व्हीपीएनने (इंटरनेटवरून खासगी जोडणी) जोडलेत, पण फोटोंचं फोल्डर उघडलं की चक्र फिरतच राहतं. स्पीड १०० एमबीपीएस आहे. मोठा प्लॅन घेऊ का?

उत्तर: अजिबात नको, पैसे वाया! अडचण स्पीडची नाहीये, लेटन्सीची, म्हणजे सिग्नल जायला-यायला लागणाऱ्या वेळेची आहे. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो आणि न्यू जर्सी सरळ रेषेत १२ हजार किमीच्या वर, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्यात १२० मिलिसेकंद गेले, त्यात केबल वाकडीतिकडी जाते त्यामुळे पिंग (एका फेरीचा मोजलेला वेळ) २०० मिलिसेकंदांच्या पुढेच दिसेल. त्यात नेटवर्कवरच्या फाइली उघडायची पद्धत, एसएमबी, भारी बडबडी, फाइल आहे का, उघडू का, तारीख काय, बंद करू का, दरवेळी एक फेरी. थंबनेलसाठी ५०० फोटो, प्रत्येकी ४ फेऱ्या, एकामागोमाग झाल्या तर ४०० सेकंद, बसा बघत!

त्यापेक्षा सिंकथिंग हे फोल्डर जुळते ठेवणारं सॉफ्टवेअर टाका, दोन्हीकडे पूर्ण प्रत राहते आणि फोल्डर घरच्या घरी पटकन उघडतं. पहिली कॉपी मात्र मुलगा दिवाळीत आला की हार्ड डिस्कवरूनच करा. हिशोबाची एक्सेल एकानेच बदलायची, कारण फाइल लॉक होत नाही, दोघांनी बदलली तर दोन फाइली होऊन बसतात. इकडे डिलीट केलं की तिकडेही जातं, म्हणून व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवणं) चालू ठेवा.

आणि कुणी व्हीपीएन काढून राउटरवर एसएमबीचा ४४५ पोर्ट (थेट इंटरनेटवरून आत यायचा दरवाजा) उघडा म्हणालं तर ऐकू नका, २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबीतूनच पसरला होता.