मामल्याचे उंदीर आणि जिनिव्हाचे नियम

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हिंगोली जिल्ह्यात पीएचसीवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रावर, सहा वर्षं काढलीत, आता एका आंतरराष्ट्रीय संस्थेत साथीच्या काळातल्या समन्वयाच्या पदासाठी अर्ज करताय. तुम्ही विचारलंय, "हे काम नेमकं असतं काय, आणि आमचा तालुक्याचा अनुभव तिथं कुणी धरणार का?" मी बीड आणि लातूर जिल्ह्यांत साथरोग सर्वेक्षणात वीसेक वर्षं काढली, पुढं बाहेरून येणाऱ्या पथकांसोबतही बसलो. त्यावरून सांगतो: धरणार. का, ते कळण्यासाठी आधी बीडला जावं लागेल.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडायला लागले आणि माणसांना तापासोबत जांघेत गाठी यायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांनी गाठी बघूनच पिलेगाचं नाव घेतलं होतं. भूकंपानंतर सोडलेल्या घरांत धान्य तसंच राहिलं, त्यावर उंदीर माजले, असं एक स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. तिथं मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. पण काही देशांनी भारताची विमानं थांबवली, काहींनी आपला माल नाकारला. नुकसानीचा अंदाज दोन अब्ज डॉलरच्या घरात गेला. भारताबाहेर प्लेगचा एकही रुग्ण निघाला नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की प्रवासबंदीची गरज नाही, पण ऐकणारे थोडे.

तेव्हाचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १९६९ चे. १९९४ मध्ये त्यांत कळवायलाच हवेत असे तीनच रोग उरले होते: कॉलरा, प्लेग आणि पिवळा ताप. कळवणाऱ्या देशाला आधार मिळेल, अशी सोय नावापुरती. सगळ्या जगानं त्यातून एकच धडा घेतला: बोललात तर मार खाल. हे नियम बदलायचे असं १९९५ च्या जागतिक आरोग्य सभेत ठरलं, आणि भारतातला १९९४ चा प्लेग हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. मग दहा वर्षं चर्चा चालली. २००३ मध्ये सार्सनं सगळ्यांना हलवलं, २००५ मध्ये नवे नियम मंजूर झाले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. आज जगातले जवळपास सगळे देश त्यांना बांधलेले आहेत. मुलाखतीत हे नियम कुणी परके म्हणून समोर ठेवले तर मनात एवढं असू द्या, की त्यांच्या मुळाशी आपल्या बीडचं एक गाव आहे.

नव्या नियमांचा गाभा सोपा आहे. घटना गंभीर आहे का? अनपेक्षित आहे का? सीमेपलीकडे पसरेल का? त्यामुळे प्रवास किंवा व्यापार अडण्याची भीती आहे का? चारपैकी दोन प्रश्नांना 'हो' आलं, की २४ तासांत जिनिव्हाला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेला, कळवायचं. आपल्याकडून ते काम दिल्लीचं एनसीडीसी, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, करतं. त्या साखळीचं खालचं टोक मात्र तुमच्या आशाताईच्या वहीत असतं. तिच्या माहितीवरून एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, संशयितांचा एस फॉर्म भरते, तुम्ही डॉक्टर म्हणून संभाव्य रुग्णांचा पी, लॅब तपासणीत पक्क्या ठरलेल्यांचा एल. हे सगळं आता आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर जातं. तुम्ही सहा वर्षं त्या साखळीची पहिली कडी सांभाळलीत. पदाच्या जाहिरातीत ज्याला 'अर्ली वॉर्निंग' म्हटलंय, ते हेच.

आता माझी एक गोष्ट. एका गावात जत्रेच्या चार दिवस आधी हगवण-उलट्यांचे अकरा रुग्ण निघाले. पाइपलाइन गटारातून गेलेली, ओटी टेस्टला पाण्यात पिवळेपणाचा मागमूस नाही, म्हणजे क्लोरिनच नाही. पाणी धोक्याचं निघालं की गावाला लाल कार्ड मिळतं. सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, चार दिसावर जत्रा हाय, लाल कार्ड मिळालं तर गावाची अब्रू जाईल. तेवढं कागदावर घिऊ नका." मी घेतलं. तेच बरोबर होतं, आजही तेच करेन. पण त्या दिवशी मी फक्त कागद केला आणि निघालो. टँकर चौथ्या दिवशी आला. तोवर पेपरात गावाचं नाव आलं, पै-पाहुणे फिरकले नाहीत, दुकानं लावणारे माघारी गेले. पुढच्या पावसाळ्यात त्याच गावात पुन्हा लागण झाली. मला कुणीही कळवलं नाही. शेजारच्या गावच्या मेडिकलवाल्यानं फोन केला, कारण त्याच्याकडची ओआरएसची पाकिटं दोन दिवसांत संपली होती.

त्यानंतर मी एक नियम केला. लाईन लिस्ट, म्हणजे रुग्णांची यादी, उघडायची त्याच दिवशी पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, टँकर आणि दोन माणसं गावात पोचलीच पाहिजेत. कळवल्याबरोबर मदत येते, हे गावानं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. माझ्या मते आंतरराष्ट्रीय समन्वयाचंही सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेनं कोरोनाचा नवा अवतार कळवला. दोन दिवसांत त्याला ओमायक्रॉन नाव मिळालं, आणि लगोलग अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमानं बंद केली. नियमांप्रमाणे असं जादा बंधन घालणाऱ्या देशानं त्याचं कारण द्यायचं असतं. तरी जत्रेचंच झालं. तुम्ही ज्या खुर्चीवर बसणार आहात, तिचं पहिलं कर्तव्य कळवणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणं हे आहे. चाचणीचे किट, तज्ज्ञ, पैसा त्याच आठवड्यात कसा पोचेल ते बघणं. बैठका आणि ईमेल त्यासाठीच असतात.

दुसरी बाजू मदत देणाऱ्यांची. किल्लारीच्या वेळी मी इंटर्न होतो, उमरग्याच्या बाजूला आमची तुकडी होती. शाळेच्या व्हरांड्यात औषधांची खोकी छतापर्यंत गेलेली. त्यातल्या कित्येक खोक्यांवरची अक्षरं आमच्यातल्या कुणालाच लागेनात. बाहेर पावसात कपड्यांचे ढीग भिजत होते आणि आम्हाला प्लॅस्टरचं सामान मिळत नव्हतं. ज्यांनी पाठवलं त्यांच्या मनाबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. कमी होतं ते विचारणं. आर्मेनियात १९८८ च्या भूकंपानंतर तर सुमारे ५ हजार टन औषधं आली आणि त्यातला मोठा भाग लगेच वापरताच आला नाही. म्हणून १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं आली: मागितलेलंच पाठवा, लेबल तिथल्या डॉक्टरांना कळेल अशा भाषेत हवं, पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. २०१० ला हैतीत परदेशी वैद्यकीय पथकांची झुंबड उडाली, तेव्हा पथकांचीही प्रतवारी ठरवायची वेळ आली. आता ओपीडीपुरतं पथक, शस्त्रक्रियेचं पथक, असे प्रकार आधीच नक्की असतात.

रोजच्या कामाचं हत्यार म्हणाल, तर एक तक्ता: कोण, काय, कुठे. कोणती संस्था, काय करतेय, कोणत्या भागात. तो रोज संध्याकाळी खरा करायचा. एका वस्तीत तीन संस्था हात धुवायला शिकवताहेत आणि पलीकडच्या वस्तीत कुणीच नाही, हे त्यातूनच दिसतं. मदत मागणाऱ्या देशाकडे तज्ज्ञ पाठवणारं गोआर्न नावाचं जाळं २००० पासून आहे. तिथं माणसाचा पगार त्याची मूळ संस्थाच देते, म्हणून कोण किती दिवस येऊ शकेल हे शांततेच्या काळातच विचारून ठेवावं लागतं. लसींचंही तसंच. कॉलऱ्याच्या लसीचा जगाचा आपत्कालीन साठा चार संस्था मिळून वाटतात. तो इतका अपुरा पडला, की ऑक्टोबर २०२२ मध्ये दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं. असा निर्णय घेताना कुणाला तरी 'नाही' म्हणावं लागतं, आणि ते फोनवर सांगायचं काम अनेकदा समन्वयकाकडे येतं. त्याची मनाची तयारी ठेवा.

मुलाखतीत उदाहरण मागतील. तुमच्या भागात ऊसतोडीचं सापडेल, तेच सांगा. समजा, दिवाळीच्या सुमाराला मुकादम टोळी घेऊन बेळगावकडे जातो. तिथं कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, एका पोराला ताप आणि अंगावर पुरळ. पोराचा दुसरा गोवर-रुबेलाचा डोस राहिलेला, कार्ड गावाकडे पेटीत. हा रुग्ण कुणाचा? कारखाना म्हणतो मुकादमाचा, तिथला दवाखाना म्हणतो महाराष्ट्राचा, आपल्याकडे पोर गावातच नाही म्हणून नोंद नाही. तुम्ही मुकादमाचा नंबर शोधलात, तिकडच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी हिंदीत बोललात, आशाताईला पेटीतल्या कार्डाचा फोटो पाठवायला लावलात आणि टोळीतल्या बाकीच्या पोरांना लस मिळेपर्यंत फोन सोडला नाहीत. असं काही केलं असेल, तर ते तारखांसकट सांगा. दोन राज्यं, दोन भाषा, एक खाजगी कारखाना आणि मधे हरवणारा रुग्ण. देशांच्या सीमेवर याहून वेगळं काही घडत नाही, फक्त फायली जाड होतात.

तुमची कच्ची बाजू मला इंग्रजी लिखाणात वाटते, कारण पीएचसीवर त्याची सवय राहत नाही. एका पानाचा परिस्थिती अहवाल रोज लिहून बघा: काल किती, आज किती, काय केलं, काय अडलं, कुणाकडून काय हवं. 'काय अडलं' हे गाळू नका, आपल्याकडे वरिष्ठांच्या भीतीनं तोच रकाना कोरा राहतो. अर्जासोबतचं पत्र पाठवायच्या आधी इथं टाकलंत तर मी वाचून देईन. आणि तुमच्या एखाद्या जुन्या लाईन लिस्टची नावं झाकलेली प्रत जवळ ठेवा. पहिला रुग्ण कोणत्या तारखेला दिसला आणि तुम्ही कोणत्या तारखेला गावात पोचलात, हे दोन रकाने मुलाखतीआधी स्वतः एकदा मोजा.