'कीटोज' ही संज्ञा समजून घेताना

'कीटोज'ची व्याख्या पाठ करण्याआधी शब्दाचे दोन भाग वेगळे करून पाहा, असे मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला आवर्जून सांगतो: 'ओज' हा प्रत्यय शर्करा दर्शवतो आणि आधीचा भाग रेणूतील कीटोन गट. ज्या एकशर्करेच्या (म्हणजे एकाच घटकाच्या, सर्वांत साध्या शर्करेच्या) खुल्या साखळीत कार्बोनिल गट (दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन व ऑक्सिजन) टोकाला नसून आतल्या, बहुधा दुसऱ्या, कार्बनवर असतो, ती कीटोज. तोच गट टोकाला असेल तर शर्करा अल्डोज ठरते. फ्रुक्टोज व ग्लुकोज या दोहोंत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात, तरीही पहिली कीटोज आणि दुसरी अल्डोज आहे, म्हणून केवळ रेणुसूत्रावरून वर्ग ठरवू नका.

एक चूक फार जण करतात. साध्या कीटोनचे सहज ऑक्सिडीकरण होत नाही, म्हणून फ्रुक्टोज फेलिंग चाचणी (सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या शर्करा ओळखण्याची, तांब्याच्या अल्कधर्मी द्रावणाची चाचणी) देणार नाही असे ते गृहीत धरतात. प्रत्यक्षात अल्कधर्मी द्रावणात फ्रुक्टोजचे अल्डोजमध्ये रूपांतर होत असल्याने ती चाचणी होकारार्थी येते. दोन्ही वर्गांत भेद करायचा असेल, तर सेलिवानॉफ चाचणी वापरा: रेसॉर्सिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लासह तापवल्यावर कीटोज लवकर लाल रंग देते, अल्डोजला मात्र बराच वेळ लागतो, त्यामुळे घड्याळाकडे लक्ष ठेवावे.