पडलेल्या झाडाच्या फळ्या नक्की कुणाच्या?

प्रश्न: मी सुतारकाम करतो. वादळात रस्त्याकडेचं शिसवाचं झाड पडलं. ते उचलणाऱ्या ठेकेदाराकडून मी रोखीने दोन ओंडके घेतले, पावती नाही. फळ्या पाडताना खिळ्यासकट पत्र्याचा क्रमांकाचा बिल्ला निघाला. आता नगरपालिकेची नोटीस आली आहे: लाकूड कुठून आणलं? निम्म्याचं टेबल झालंय. बिल्ला फेकून देऊ का?

उत्तर: मुळीच नको. आज हा प्रश्न फार तर मालकीचा आणि पैशांचा आहे. पुरावा नष्ट केलात तर तुमची नियतच संशयात येईल. शिवाय त्या खिळ्याभोवती फळीवर लोखंडाचा निळा-काळा डाग पडलेला असेल, तो रंध्याने सहज जात नाही. ती फळी आणि बिल्ला तसेच ठेवा, फोटो काढा.

झाड पडलं म्हणून ते बेवारस होत नाही. ते सहसा जागेच्या मालकाचंच राहतं. ठेकेदाराला उचलायचं काम दिलं, याचा अर्थ विकायचा हक्क दिला असा नाही; आणि जे त्याचं नव्हतं, ते तुम्हाला विकून साधारणपणे तुमचं होत नाही. मात्र काही ठेक्यांत लाकूड मोबदला म्हणून ठेकेदारालाच मिळतं. तुमचं सगळं प्रकरण त्या एका कलमावर फिरतं, म्हणून नोटिशीच्या उत्तरात ठेक्याची प्रत मागा.

टेबलाचं थोडं वेगळं आहे. परक्याच्या फळ्यांतून बाक किंवा कपाट बनवलं तर ते कुणाचं, हा खल रोमन वकिलांनीही केला. 533 साली रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने निकाल दिला: वस्तू मोडून मूळ माल परत मिळत नसेल तर ती बनवणाऱ्याची. आजही अनेक देशांत कारागिरीची किंमत लाकडापेक्षा बरीच जास्त असेल तर वस्तू कारागिराकडे राहते, पण लाकडाची भरपाई द्यावी लागते. तेव्हा मजुरीचा हिशेब आत्ताच लिहून काढा आणि निकाल लागेपर्यंत टेबल विकू नका. परदेशी गिऱ्हाईक असेल तर आणखी एक: शिसवाच्या डाल्बर्जिया या प्रजातीतली सगळी झाडं 2017 पासून साइटीस कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) यादीत आहेत, परवाना लागू शकतो.

उत्तर मुदतीत द्या. ठेकेदाराचं नाव, तारीख, दिलेली रक्कम, उरलेल्या फळ्यांची मापं, सगळं खरं लिहा. ‘लाकूड पालिकेचं ठरल्यास वाजवी किंमत द्यायला तयार आहे’ हे वाक्य घाला. पण ‘चोरीचा माल’ हे शब्द तुमच्या सहीच्या कागदावर येऊ देऊ नका. पाठवण्याआधी मसुदा स्थानिक वकिलाला दाखवा.