गावाला निघताना जीव घरातच अडकतो तेव्हा

"ताई, कुलूप लावलं का नाई, गॅस बंद केला का नाई, काईच आठोत नाई." यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकार घरातली, पंचेचाळिशीची बाई सांगत होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मे महिन्यात लेकीकडे पुण्याला आठ दिवस जायचं होतं. मागच्या खेपेला ती फाट्यावरून परत घरी आली आणि एसटी गेली. "माझं डोकं तर नाई फिरलं?" हाच तिचा खरा प्रश्न होता.

डोकं फिरलेलं नव्हतं. फान डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांनी २००३ साली संगणकावरची गॅस शेगडी लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण बहुतेक बरोबरच निघाली, पण तिच्यावरचा भरवसा घसरला. सगळ्या फेऱ्या सारख्याच असल्या की शेवटची कोणती, हे मनाला वेगळं काढता येत नाही. म्हणजे खात्रीसाठी मारलेली फेरीच खात्री खाते.

तरी "काळजी करू नका" म्हणून भागणार नव्हतं. घरात दर वाढायची वाट पाहत ठेवलेला कापूस होता, दोन बैल होते, विहिरीवर मोटर होती. म्हणून आधी खरी कामं वेगळी काढली आणि निघायच्या आदल्या दिवशीच उरकायची ठरवली. कापसाची गंजी बोर्ड आणि वायरींपासून लांब सरकवायची. मोटरचा ऑटो स्विच बंद करायचा. मे महिन्यात विहीर तळाला जाते, रात्री लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि कोरडी चालून जळते. कूलरची टाकी रिकामी करून आतल्या भिंती घासायच्या, कारण डेंगूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात आणि नुसतं पाणी ओतून जात नाहीत. फ्रिज रिकामा करून दार किलकिलं ठेवायचं, म्हणजे निघताना मेन स्विच पाडता येतो. बैलांचं कुटार आणि पाणी शेजारच्या काकूंकडे सोपवायचं. उन्हाळ्यात एका बैलाला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागू शकतं, ते आधीच बोलून घ्यावं. घराची किल्लीही त्यांच्याकडेच.

निघायच्या दिवशी एकच फेरी, एकाच माणसाची, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावायची आणि त्या टोपीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणायचं, "आज गुरुवार, टोपी लावली." वार बोलल्यानं आजची फेरी कालच्यापासून वेगळी राहते. कुलूप लावल्यावर एकदाच ओढून पाहायचं आणि चालू लागायचं. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, असं अनेक जण सुचवतात. आमचा त्याला विरोध आहे. बसमध्ये तोच फोटो वीसदा उघडला जातो आणि तपासणी तशीच चालू राहते.

सगळ्यात अवघड गेलं ते मुलाला. आई विचारायची, तो दर वेळी "हो माय, बंद आहे" म्हणायचा. घडीभर बरं वाटायचं, पुन्हा तोच प्रश्न. त्यानं आता फक्त "माय, फेरी झाली आहे" एवढंच म्हणायचं ठरलं. पहिल्यांदा ती रागावली, आणि ते साहजिकच होतं.

एकाच फेरीवर घर सोडायचा सराव आठवडी बाजारापासून सुरू केला. मग बहिणीकडे एक मुक्काम. धास्ती ० ते १० मध्ये मोजायची, घरी परतायचं नाही. फाट्यावर ८ असलेली धास्ती बाजार होईस्तोवर ४ वर यायची. मुक्कामाच्या रात्री मात्र ती पुन्हा ७ वर गेली. नवीन जागी असं होतंच, म्हणून तो मुक्काम आणखी एकदा केला. पुण्याहून काकूंना रोज संध्याकाळी एकच फोन, बैलांबद्दल. कुलपाचा विषय काढायचा नाही.

तपासण्यात रोज तासभर किंवा जास्त जात असेल, स्वयंपाक, शेती, झोप अडत असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार) असू शकतो. त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावं, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलावं.