कथित आणि तथाकथित एकच का?

प्रश्न असा आलाय की एकाच प्रकरणाला एका पेपरानं 'कथित गैरव्यवहार' म्हटलंय आणि दुसऱ्यानं 'तथाकथित गैरव्यवहार', तर दोन्हीचा अर्थ एकच का?

अजिबात नाही. कथ् म्हणजे सांगणं, त्यावरनं कथित म्हणजे सांगितलेलं. तथा म्हणजे तसं. नुसती फोड केली तर तथाकथित म्हणजे 'तसं म्हटलं गेलेलं', त्यात वाईट काही नाही, पण वापरता वापरता त्याला जो कुत्सितपणा चिकटला तो चिकटलाच. 'तथाकथित समाजसेवक' म्हटलं की हा माणूस समाजसेवक नाहीच असं लिहिणाऱ्याला सुचवायचंय हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

बोलण्यात हाच फरक आपण 'म्हणे' नं करतो बघा. 'पैसे खाल्ले म्हणे', म्हणजे कानावर आलंय, खरंखोटं ठाऊक नाही. हे कथित. आता तोच शब्द पुढं आणा, 'म्हणे पैसे खाल्ले!', की बोलणाऱ्याचा विश्वास नाही हे लगेच समजतं. हे तथाकथित. म्हणजे 'तथाकथित गैरव्यवहार' छापणाऱ्यानं चौकशीआधीच निकाल देऊन टाकला, आणि तोही बातमीत, अग्रलेखात नव्हे!

इथं कोल्हापुरात आमच्या तालमीच्या कट्ट्यावर दोन पेपर येतात. मागं एका पतसंस्थेचं प्रकरण असंच दोन तऱ्हेनं छापून आलं, आकडे तेच, तक्रार तीच, पण एक पेपर वाचलेले म्हणत होते चौकशी होऊ दे मग बघू आणि दुसरा वाचलेले म्हणत होते काय नाही ओ, नुसती बदनामी चाललीय, आणि ज्यांच्या ठेवी अडकल्यात ती माणसं त्याच कट्ट्यावर गप्प बसून होती. मला ते लई लागलं. बातमी कुणी पुरती वाचत नाही, मथळ्यातलं ते 'तथा' तेवढं डोक्यात बसतं.

आरोपी आणि गुन्हेगार यातही असाच घोळ घालतात. कोर्टानं दोषी ठरवेपर्यंत माणूस आरोपीच, त्याआधी गुन्हेगार लिहिणं सरळ चूक आहे.

पण 'कथित' सुद्धा जपून वापरावा. एखाद्याचा हात मोडलाय, एक्सरेत दिसतंय, चार लोकांनी मारताना बघितलंय, तरी 'कथित मारहाण' लिहिलं की मार खाणाराच खोटा वाटायला लागतो. मारहाण ठरलेली आहे, कुणी केली तेवढं ठरायचंय. मग दोन शब्द जास्त गेले तरी चालतील, 'मारहाण झाली, ती अमक्यानं केल्याचा आरोप आहे' असं लिहावं.