सी++ लायब्ररीतल्या फंक्शनला डिफॉल्ट व्हॅल्यूचा नवा पॅरामीटर जोडला तर जुने प्रोग्राम रिकंपाइल न करता चालतील का?

नाही चालणार, सोर्स कोड जसाच्या तसा कंपाइल होईल पण आधीच बिल्ड झालेला प्रोग्राम नवी लायब्ररी टाकली की "अनडिफाइन्ड सिम्बॉल" (म्हणजे लायब्ररीत त्या नावाचं फंक्शन सापडलं नाही) म्हणून अडकेल. कारण डिफॉल्ट व्हॅल्यू लायब्ररीत नसतेच, ती कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये कंपाइलर भरतो, आणि सी++ मध्ये सिम्बॉलच्या नावात पॅरामीटरचे टाइप गुंफलेले असतात, म्हणजे पॅरामीटर वाढला की नाव बदललं आणि जुना प्रोग्राम जुनंच नाव शोधत बसतो. एनएम कमांडने (ती फाइलमधल्या सिम्बॉलची यादी दाखवते) लायब्ररीच्या जुन्या आणि नव्या दोन्ही .एसओ फाइल बघा, लगेच दिसेल.

उपाय सोपाय:
- जुनं फंक्शन तसंच ठेवा, आतून नव्याला कॉल करू द्या
- नवं ओव्हरलोड (त्याच नावाचं, वेगळ्या पॅरामीटरचं फंक्शन) वेगळं लिहा, त्यात डिफॉल्ट ठेवू नका, नाहीतर कॉल अँबिग्युअस होतो, दोन्हींपैकी कोणतं हवं ते कंपाइलरला ठरवता येत नाही

फक्त व्हर्च्युअल फंक्शनला हा उपाय लावू नका, तिथे नवं ओव्हरलोड टाकलं की व्हीटेबलची (क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनच्या पत्त्यांच्या तक्त्याची) रचनाच बदलते. आणि साध्या सी मध्ये पॅरामीटर वाढवताना तर जास्त जपा, तिथे नावात टाइप नसतात त्यामुळे लिंक बिनबोभाट होते आणि नव्या पॅरामीटरच्या जागी रजिस्टरमधला कचरा वाचला जातो, हे क्रॅशपेक्षा वाईट.