लाइव्ह आलेखावर भिस्त ठेवण्याआधी

स्वागत! सेन्सरचा डेटा घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर आलेख सरकायला लागला की काम झालं असं वाटतं. पण आलेख दिसणं वेगळं आणि डेटा साठणं वेगळं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डचं बटण निराळंच असतं. आधी १० सेकंदांचं रेकॉर्डिंग करा, फाइल उघडून बघा, मगच खरी चाचणी.

सगळ्यात जास्त घोळ सॅम्पलिंगच्या वेगात, म्हणजे सेकंदाला किती नमुने (मोजमापं) घेतो त्यात होतो. ९०० हर्ट्झचा सिग्नल सेकंदाला १००० नमुन्यांनी घेतलात, तर पडद्यावर १०० हर्ट्झची सुरेख लाट दिसेल, आणि ती साफ खोटी असेल. नंतर लावलेला फिल्टरही तिला दुरुस्त करू शकत नाही. लाटेचा आकार नीट हवा असेल तर त्यातल्या सर्वोच्च वारंवारतेच्या साधारण दहापट वेग ठेवा.

ऑटोस्केल, म्हणजे आलेखाची उभी पट्टी आपोआप जुळवणारा पर्याय, सुरुवातीला बंदच बरा. तो नुसता नॉइजही (सिग्नलमधली नको असलेली थरथर) पडदाभर ताणून दाखवतो आणि नवखा माणूस त्यालाच सिग्नल समजतो. उलट, शिखरं कापल्यासारखी सपाट दिसली तर इनपुटची रेंज (मोजता येणारी कमाल-किमान मर्यादा) वाढवा.

आणखी दोन:

- चॅनेलची (सेन्सर जिथे जोडतो त्या प्रत्येक मार्गाची) नावं आणि एककं आधीच भरा. ‘चॅनेल ३’ म्हणजे काय, हे आठवड्याने कुणालाच आठवत नाही.
- लाइव्ह खिडकी अडखळली तर दिसणारे चॅनेल कमी करा, सॅम्पलिंगला हात लावू नका.

ट्रिगर, एफएफटी वगैरे पुढच्या सोयी सध्या राहू द्या. कंपनाचा सेन्सर असेल तर त्याच्याजवळ हलकी टिचकी मारा आणि नेमका कोणता चॅनेल हलतो ते कळवा.